हरळीवाला कृष्णात

कोल्हापुरात एक काळ असा होता, की एखाद्या बंगल्यापुढं एकसारखी कातरलेली हिरवळ दिसली की येणारा-जाणारा म्हणायचा, इथं हरळीवाला येऊन गेलेला दिसतोय. हा हरळीवाला म्हणजे गडमुडशिंगीच्या शिरगाव्यांचा कृष्णात. १९८५च्या सुमाराला उद्यमनगरातल्या त्याच्या शेडमध्ये गवत कापायची हातमशीनं बनायची, इंजिनावर चालणारी बनायची, हिरवळीवर फिरवायचे रूळ, मातीला भोकं पाडणारे काटेरी रूळ, गोल फिरत पाणी उडवणारे फवारे, काय विचारू नका. मशीन घेणाऱ्याला हिरवळ लावून द्यायची, जगवून द्यायची आणि नाहीच जगली तर त्याच्या शिव्या खायच्या, हेही त्यानं अंगावर घेतलं होतं. माणूस सातवीपर्यंत शिकलेला, अंगानं किरकोळ, पण बोलायला लागला की दोन्ही हात हवेत. समोरच्यानं आपला चहाचा कप आपणच सांभाळायचा.

त्याच्या घराण्यात गवताला कुणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. वडील, म्हणजे तात्या, गावात जमीन कसायचे आणि त्यांची निम्मी ताकद हरळी खणण्यात गेली होती. हरळी काय चीज आहे ते शेतकऱ्यालाच विचारावं. वरून उपटली की खालून येते, बांधावरून हाकलली की उसात शिरते. तात्या हरळीचा उद्धार करायला लागले की घरातल्या बायका पोरांना घेऊन परड्यात निघून जायच्या. अशा बापाचा मुलगा पुढं हीच हरळी बुट्टीत भरून लोकांच्या दारात लावत फिरला. तात्यांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, आणि तात्या बोलले नाहीत याचीच गावात जास्त चर्चा झाली.

सुरुवात १९६३ साली झाली. कृष्णात तेव्हा ऑइल इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात टर्नर होता. नोकरी कायमची, लेथवर हात बसलेला, मालकाची मर्जी. नुकतंच लग्न होऊन कुरुंदवाडच्या शालूबाई घरात आल्या होत्या. एक दिवस मालकानं त्याला एका जुन्या साहेबी बंगल्यावर पाठवलं. तिथलं कसलंसं विलायती मशीन अडलंय, जरा बघून ये म्हणाले. कृष्णातला वाटलं पाण्याचा पंप असेल. बघतो तर गवतात एक गाडा उभा. दोन चाकं, ढकलायला दांडी, आणि मध्ये पिळदार पात्यांचा एक रूळ, सुपारीएवढ्या मातीच्या गोळ्यांनी गच्च झालेला. त्यानं ते खोललं, धुतलं, तेल दिलं, पात्यांच्या खाली एक सपाट पट्टी होती ती वर-खाली करून पात्यांना जेमतेम टेकवली, आणि सहज म्हणून ढकललं.

त्या एका ढकलण्यानं या माणसाच्या आयुष्याची वाट बदलली, यात मला तरी शंका नाही. चाकं फिरली तशी पाती फिरली, खालच्या पट्टीला चाटत गेली, करकर असा गोड आवाज आला आणि हिरव्या चुऱ्याचा फवारा उडाला. मागं वळून बघितलं तर गवतावर एक पट्टा उमटला होता, नुकताच भांग पाडलेल्या डोक्यासारखा. कृष्णातनं दुसरा पट्टा काढला, मग तिसरा. अख्खं आवार कापून झालं तरी तो थांबेना, तेव्हा बंगल्याच्या माळ्यानं येऊन त्याच्या हातातली दांडी काढून घेतली.

घरी आला तो सायकलवरूनच बोलत आला. शालूबाई चुलीपुढं होत्या. त्यांना त्यानं पळी, उलथनं आणि लाटणं घेऊन सगळं मशीन मांडून दाखवलं. शालूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, कापलेलं गवत कुणाच्या जनावराला घालतात? कृष्णात म्हणाला, कुणाच्याच नाही, टाकून देतात. शालूबाईंच्या कपाळाला आठी पडली ती पुढं बरीच वर्षं हटली नाही. त्यांच्या माहेरी कृष्णाकाठी दावणीला जनावरं, वैरण म्हणजे घरची लक्ष्मी. गवत वाढवायचं, त्याला पाणी पाजायचं, आणि जनावराच्या तोंडी न देता फेकायचं, हा असला उद्योग त्यांच्या लेखी अन्न पायदळी तुडवण्यासारखाच होता.

पण कृष्णातच्या डोक्यात मशीन शिरलं ते शिरलंच. त्यानं ज्ञानूला गाठलं. ज्ञानू मोल्डर, त्याच कारखान्यात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचा. उंच, काळा, कमी बोलणारा, आणि कृष्णातचा जिवाभावाचा मित्र. दोघांनी रविवारच्या सुट्ट्या घालवून साचे केले, ओतकाम केलं, आणि १९६५ साली उद्यमनगरात बनलेलं पहिलं गवत कापायचं मशीन एका गॅरेजात तयार झालं.

आणि इथं त्यांनी अस्सल उद्यमनगरी घोटाळा केला. आमच्याकडं इंजिन घ्यायला आलेला शेतकरी आधी इंजिनाला हात लावून हलवून बघतो. हललं तर माल हलका, घ्यायचं नाही. वजन म्हणजे भरवसा, ही इथली शिकवण. ज्ञानूनं त्याच हातानं मशीन ओतलं. बाजूच्या चौकटी बीडाच्या, चाकं बीडाची, दांडीसुद्धा बीडाची करणार होता, कृष्णातनं कशीबशी अडवली. मशीन असं देखणं झालं की गल्लीतले लोक बघायला आले. फक्त ते ढकलून जागचं हलेना.

दुसरा कुणी असता तर शहाणा झाला असता. कृष्णातनं जवळच्या तालमीतून दोन पैलवान आणले. एका वकिलांच्या बंगल्यावर मशीन दाखवायचं ठरलं होतं. पैलवानांनी लंगोटाला हात लावून, मातीला नमस्कार करून दांडी धरली आणि मशीन असं काही पळवलं की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. गवत कापलं गेलं, झकास कापलं गेलं, पण चाकांनी हिरवळीत दोन चर पाडले होते, नांगर फिरवल्यासारखे. वकिलांनी चष्मा पुसून विचारलं, मशीनबरोबर हे दोघं पैलवान पण मिळणार का? कृष्णात पडेल चेहऱ्यानं परत आला. मशीन तालमीतच राहिलं. पोरं व्यायामाला ते मैदानात ओढायची आणि वस्ताद सांगायचे, मांडीला फार चांगलं आहे.

कृष्णात चार दिवस तोंड लपवून बसला, पाचव्या दिवशी पुन्हा हात हवेत. मशीन कापतंय तर झ्याक, मग भांडण फक्त वजनाशी आहे, असं त्यानं ज्ञानूला सांगितलं. बीडाच्या चौकटी गेल्या, पाइप आले. सायकलची साखळी आली, बेअरिंग आले. एकेक भाग निघाला तसा ज्ञानू हळहळला. आपल्या ओतकामाची अशी चेष्टा त्याला सोसत नव्हती. शेवटी चाकं तेवढी बीडाची ठेवली, तीही मधून कोरून, मित्राचं मन राखायला. १९६६च्या दिवाळीनंतर कृष्णातनं कायमची नोकरी सोडली, पाठोपाठ ज्ञानूनंही सोडली, आणि दोघांनी पत्र्याची एक शेड घेतली.

नोकरी सोडल्याचं ऐकून शालूबाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. त्यांनी मशीनशी बोलणं टाकलं. म्हणजे मशीनचा विषय निघाला की उठून जायच्या. शेजारणींना सांगायच्या, माझ्या घरात एक लोखंडी सवत आलीया. कृष्णातनं त्यांचं मन वळवायला मशीनच्या पुढं पत्र्याची एक पेटी बसवली, कापलेलं गवत तिच्यात पडावं म्हणून. ते पोत्यात भरून मोठ्या उत्साहानं घरच्या म्हशीपुढं आणून ओतलं. म्हशीनं हुंगलं, ग्रीसचा वास आला, आणि तिनं तोंड फिरवलं. शालूबाईंना जे म्हणायचं होतं ते म्हशीनंच म्हटलं, म्हणून त्या दिवशी त्या स्वतः काही बोलल्या नाहीत.

मशीनं खपायला लागली, पण लोकांकडं हिरवळच कुठं होती? मग कृष्णातनं आधी हिरवळ लावून द्यायला सुरुवात केली. विलायती बी आणवून बघितलं, उन्हाळ्यात करपलं. तेव्हा त्याला आपल्या तात्यांच्या जन्माच्या वैरिणीची आठवण झाली. जी खणून, उपटून, शिव्या घालून मरत नाही ती बंगल्यापुढं कशाला मरेल? गडमुडशिंगीच्या शेतातून त्यानं हरळीच्या मुळ्या भरून आणल्या, वीत वीत तोडून लावल्या, रूळ फिरवला, पाणी दिलं. दोन महिन्यांत गालिचा झाला. लोक विचारायचे हे कुठलं गवत, आणि कृष्णात न लाजता सांगायचा, आमच्या रानातली हरळी. तेव्हापासून नाव पडलं ते पडलं.

तरी सात-आठ वर्षं सगळं हातातोंडाशी गाठ असंच चाललं. सुटीसुटी मशीनं जायची, आज एक, महिन्यानं एक. शेडमधली माणसं सांभाळायला मधूनमधून इंजिनांचे सुटे भाग करून द्यावे लागायचे. १९७४ सालच्या पावसाळ्यात हातातलं कामही रोडावलं, तेव्हा ज्ञानूनं पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, दसऱ्यापर्यंत बघू, नाहीतर गवताचा नाद सोडायचा आणि पुन्हा लोकांच्या इंजिनांचं ओतकाम करायचं. कृष्णातला ते पटत होतं आणि सोसत नव्हतं. रात्री जेवताना त्यानं हे शालूबाईंना सांगितलं. त्या फक्त म्हणाल्या, भाकरी आणखी वाढू का?

आणि त्याच आठवड्यात नशीब दार ठोठावत आलं. पंचगंगेच्या काठच्या एका साखर कारखान्यानं आवारात मोठं मैदान हिरवं केलं होतं. अतिथिगृहापुढं, कामगार वसाहतीत, शाळेपुढं, जिकडं तिकडं हिरवळ. सगळ्या आवाराला मशीनं हवी होती, आणि शिवाय कायमची देखभालही. पुण्याचा एक विक्रेता पेट्रोलवर चालणारं मशीन घेऊन येणार होता. त्याच्या पोटाखाली एकच आडवं पातं पंख्यासारखं गरगर फिरायचं. कृष्णातनंही आपलं आणावं, अतिथिगृहापुढची हिरवळ निम्मी यानं कापावी, निम्मी त्यानं, आणि दसऱ्याला बॉयलर पेटवायच्या समारंभाला सगळे संचालक येतील ते बघतील, असं खरेदी विभागाच्या साहेबांनी सांगितलं. साहेब नागपूरकडचे, नवे, वागायला सरळ. कृष्णात एवढा हरखला की दिवस कुठला ते न बघता हो म्हणून मोकळा झाला. घरी येऊन सांगितलं, दसऱ्याला आपलं मशीन कारखान्यावर उभं राहणार.

साहेबांनी कापायला दिलेला दिवस दसऱ्याचा नव्हता, आदल्या दिवसाचा होता. खंडेनवमी.

परगावच्या माणसाला यात काय बिघडलं ते कळायचं नाही. आमच्या उद्यमनगरात खंडेनवमीला हातोडीसुद्धा वाजत नाही. सकाळी लेथ धुवायचे, हत्यारं मांडायची, हळद-कुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या आणि दिवसभर त्यांना विसावा द्यायचा. वर्षभर राबलेल्या यंत्राचा तो एक दिवस. पूजलेलं यंत्र त्या दिवशी चालवणं म्हणजे जेवायला बसलेल्या माणसाला ताटावरून उठवून कामाला लावणं. कृष्णातच्या हे ध्यानात आलं ते आदल्या दिवशी, आणि मग त्यानं एक पळवाट काढली. ज्याची पूजाच केली नाही त्याला विसावा कसला? कारखान्यावर न्यायचं मशीन त्यानं शेडच्या मागच्या कोपऱ्यात पोतं टाकून झाकून ठेवलं. ज्ञानूला सांगितलं. ज्ञानूनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, तसं बघितलं तर चुकीचं काय न्हाय. शालूबाईंना मात्र दोघांनीही काही सांगितलं नाही. त्यांना वाटत होतं कापणी दसऱ्याला आहे, मशीन फक्त आदल्या दिवशी नेऊन ठेवायचंय.

खंडेनवमीला सकाळी शेडमध्ये पूजा झाली. दरवर्षी शालूबाई लेथला, ड्रिलला, ऐरणीला हळद-कुंकू लावायच्या आणि गवताच्या मशीनांकडं पाठ करून निघून जायच्या. त्या मशीनांची पूजा ज्ञानू करायचा. या वर्षी कृष्णात घाईत होता. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि दोघांनी पोत्यासकट मशीन उचलून टेंपोत घातलं.

कारखान्यावर पुण्याच्या माणसानं आधी इंजिन चालू केलं. धडधड आवाज, धुराचा लोट, आणि खरं सांगायचं तर काम फक्कड झालं. निम्मी हिरवळ बघता बघता सपाट झाली. साहेबांनी खूश होऊन मान डोलावली. पण कृष्णातला आपल्या पात्यांवर भरवसा होता. तो पुढं झाला आणि त्यानं पोतं ओढलं.

मशीन पूजलेलं होतं. साधंसुधं नव्हे, मनापासून पूजलेलं. पिळदार पात्यांपैकी एकेकावर कुंकवाचं बोट ओढलेलं, पत्र्याच्या पेटीवर हळदीनं भरलेला पाची बोटांचा पंजा, दांडीला झेंडूची माळ आणि माळेत खोचलेली हरळीची जुडी. कृष्णातला तो पंजा ओळखायला वेळ लागला नाही. करंगळीजवळचं बोट थोडं वाकडं होतं. उसाच्या चिपाडानं ते लहानपणी दुखावलेलं, त्याला ते माहीत होतं. सगळे आरतीत असताना शालूबाई मागं गेल्या असतील, पोतं उचललं असेल, हे एकटंच बिनापूजेचं राहिलं म्हणून त्यांना वाईट वाटलं असेल, आणि सगळं करून धूळ बसू नये म्हणून पोतं पुन्हा नीट झाकून ठेवलं असेल.

ज्ञानूनं इकडंतिकडं बघितलं. कृष्णातच्या हातात तेलाचं फडकं होतं.

"पूस की," ज्ञानू हळूच म्हणाला. "हितं कोन बघायला बसलंय? शेडची दोरी ह्याच्यावर हाय, किस्ना."

कृष्णातनं हातातल्या फडक्याकडं बघितलं. फडकं फिरवायला कितीसा वेळ लागतो? पण लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि या बाईनं या मशीनला बोट लावलं नव्हतं. आज लावलं ते पाचही बोटांनी लावलं. ऑर्डर गेली तर गेली, पुन्हा लोकांची इंजिनं करू, पण हा पंजा आपल्या हातानं पुसायचा नाही, हे त्यानं तिथल्या तिथं ठरवलं.

"न्हाय पुसायचं," तो ज्ञानूला म्हणाला. "तिनं केलंय रं हे."

मग तो साहेबांकडं गेला आणि आज माझं मशीन चालणार नाही, उद्या उजाडल्याबरोबर माझी निम्मी बाजू कापतो, म्हणाला. साहेब वैतागले, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माणूस ठरल्या दिवशी येतो, मशीन आणतो आणि चालवत नाही. त्यांनी सांगितलं की पाहुणे यायच्या आत तुमची बाजू झाली तर बरं, नाहीतर पुण्याचे गृहस्थ तीही कापतील, आणि माझं मत तर आता झाल्यातच जमा आहे. पुण्याच्या माणसानं कृष्णातला चहा पाजला. जिंकलेल्या माणसाचा चहा तो.

घरी कृष्णातनं सगळं छान झालं म्हणून सांगितलं. पण संध्याकाळी ज्ञानू आला, आणि ज्ञानूला खोटं बोलता येत नसे. वैनी, असं असं झालं, म्हणून त्यानं पळवाटेपासून पंज्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. शालूबाईंनी हातातली परात खाली ठेवली. आपण श्रद्धेनं केलं आणि आपल्याच हातानं घास गेला, हे त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. कृष्णात त्यांची समजूत घालायला लागला, हात हवेत गेले, पण त्यांनी त्याला मध्येच थांबवलं.

"उद्या म्या येनार," त्या म्हणाल्या. "म्या पुजलंय, तर म्याच चालवनार. पूजा केलेल्या हातानं चालवल्यावर त्याला राग न्हाय यायचा."

दसऱ्याला उजाडायच्या आत टेंपो निघाला. पुढं कृष्णात आणि ज्ञानू, मागं मशीनला धरून शालूबाई, हिरवं नऊवारी, नाकात नथ, सणाचा दिवस ना. हिरवळीवर दव होतं ते उन्हानं उतरू दिलं. मग त्यांनी पदर खोचला, मशीनच्या पाया पडल्या आणि दांडी धरली.

पहिला पट्टा वाकडा गेला. दुसराही जरा तिरपाच. कृष्णात बाजूनं पळत सूचना देत होता, डावीकडं, दाबू नका, चाकाला चाक लावून या. शालूबाईंनी एकदा मान वळवून त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प झाला. आणि मग तिसऱ्या पट्ट्याला ते जमलं. करकर करकर असा एकसारखा सूर लागला, हिरवा चुरा पेटीत उडायला लागला, आणि शालूबाई थांबेनात. जाताना एक पट्टा गडद, येताना एक पट्टा पोपटी. पात्यांवरचं कुंकू गवताच्या ओलीनं हळूहळू निघून चाललं होतं. ज्ञानू पेटी भरली की ओतून आणत होता आणि कधी नव्हे तो मोठमोठ्यानं हसत होता. वसाहतीतल्या बायका घरातली कामं टाकून कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक म्हातारी ओरडली, बाई, दमलीस तर मला दे. शालूबाई म्हणाल्या, दमतीय कशाची, आत्ता कुठं जमाय लागलंय.

काम संपलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, आणि तेव्हाच सगळ्यांचं लक्ष पलीकडच्या बाजूला गेलं. काल फक्कड दिसणारी पुण्याच्या मशीनची बाजू पांढुरकी पडली होती. म्हणजे गवत जिवंत होतं, पण प्रत्येक पानाचं टोक करपलेलं. गरगर फिरणाऱ्या त्या आडव्या पात्यानं गवत कापलं नव्हतं, झोडपून तोडलं होतं, आणि फाटलेली टोकं ऑक्टोबरच्या उन्हात एका दिवसात वाळली होती. कात्रीसारखं चालणाऱ्या मशीनची बाजू मात्र ओली, हिरवीगार, पट्ट्यापट्ट्यांची. हे असं होणार हे कृष्णातला आधी ठाऊक होतं का? अजिबात नव्हतं. तो स्वतःच तोंडाचा आ करून बघत होता. दोघांनीही दसऱ्याच्या सकाळीच कापलं असतं तर दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या असत्या आणि इंजिनवालाच जिंकला असता, हे तो पुढं ज्याला त्याला हसून सांगायचा.

बॉयलर पेटवून चेअरमन संचालकांबरोबर तिकडं आले. म्हातारे गृहस्थ, फेटा बांधलेले, सगळा जन्म उसात गेलेला. त्यांनी आधी पांढुरकी बाजू बघितली, मग हिरवी. हिरव्या बाजूला त्यांनी पायातली पायताणं काढली आणि अनवाणी चालत मधोमध गेले. वाकून एक पान तोडून टोक बघितलं. हे कुणी कापलं म्हणून विचारलं. साहेबांनी शालूबाईंकडं बोट दाखवलं, आणि खरं तर आपण आधीच मत बनवलं होतं हेही मोकळेपणानं सांगून टाकलं. कपाळावरचा घाम पदरानं पुसत त्या मशीनजवळ उभ्या होत्या.

"मशीन जड न्हाय व्हय, बाई?" चेअरमननी विचारलं.

"पान्याच्या घागरीपेक्षा हलकं हाय."

"कुनाच्या कारखान्याचं म्हनायचं?"

कृष्णातचे दोन्ही हात वर गेले. नऊ वर्षं तो या प्रश्नाची वाट बघत होता. पण त्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आत शालूबाई बोलल्या.

"आमच्या," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या आनि माझ्या."

वर गेलेले हात कृष्णातनं हळूच खाली घेतले आणि तो दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. मशीनं किती लागतील, कधी देता, देखभालीला माणसं कुठली, हे सगळं चेअरमननी मग विचारलं, आणि त्या दिवशी त्याची उत्तरं ज्ञानूलाच द्यावी लागली.